पाण्याचं बटण

जगातल्या कुठल्याही विमानतळावर विजेचा पॉइंट कुठे असेल, ते मला न विचारता सापडतं. खांबामागे, बाकाखाली, कचऱ्याच्या डब्याशेजारी. तंजावूरच्या आमच्या घरात मात्र पुढच्या खोलीतल्या पंख्याचं बटण कुठलं, हे मला दर खेपेला विचारावं लागायचं. मग अम्मा स्वयंपाकघरातून म्हणायची, "आले पाव्हणे." ती चेष्टा करायची, पण मला ते लागायचं, आणि लागलं की मी चिडायचो. चिडणं हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. जमिनी गेल्या, हुद्दे गेले, ते तेवढं राहिलं.

मी मुरलीकृष्ण. बंगळूरच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहितो. नव्वदच्या दशकात देशाची दारं उघडली आणि आमच्यासारख्यांची रवानगी सुरू झाली. कधी सिंगापूर, कधी फ्रँकफर्ट. गिऱ्हाईक तिकडे, काम तिकडे, आणि आम्ही बॅगेत चार देशांचे प्लग घेऊन मधल्या मधे. घरी आमची मराठी बोलायची, लिहायची नाही. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांतल्या आमच्या बहुतेक घरांत देवनागरी कुणाला वाचता येत नाही. मला येते ती आधीच्या पुण्याच्या नोकरीमुळे. तिथल्या सहकाऱ्यांनी माझ्या बोलण्याला हसून हसून मला लिहायला शिकवलं.

यंत्रांचा मला नाद. थेट फ्लॉपीवर फोटो उतरवणारा कॅमेरा, तळहाताएवढी डायरी, चकतीवर आवाज साठवणारा रेकॉर्डर. पगाराचं काय करतोस असं कुणी विचारलं, तर बॅग उघडून दाखवावी. अप्पा यातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करीत आणि एकच विचारीत, "उघडतां येतं काय रे हें?" त्यांचा सारा जन्म वीज मंडळात मीटर उघडण्यात गेलेला. जी वस्तू उघडत नाही तिच्यावर त्यांचा विश्वास नसे. मी लिनक्सच्या आणि ओपन सोर्सच्या मागे लागलो तो बहुधा याच रक्तामुळे. ज्याला हवं त्यानं प्रोग्राम उघडून बघावा, आपल्या गरजेप्रमाणे बदलावा, सुधारला तर पुन्हा सगळ्यांना द्यावा. ऑफिसातले लोक म्हणत, फुकट कशाला देतोस? मी म्हणे, अम्माच्या हातची आंबटी, म्हणजे आमच्याकडची आमटी, कशी करायची हे गल्लीतल्या बायका येऊन विचारतात, आणि घरी जाऊन चिंच कमी घालतात. तिनं कधी कुणाला नाही म्हटलंय?

एका पोंगलनंतर अप्पांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. जन्मभर ऑफिसात तमिळ बोललेला, इंग्रजीत अर्ज लिहिलेला माणूस. पण आता तमिळ बोललं की ते परक्यासारखे बघत. घरातली मराठी तेवढी त्यांना समजे. बोलायला गेले की "म्म... म्म..." एवढंच बाहेर येई, आणि मग ते डाव्या हातानं पांघरूण मुठीत धरून भिंतीकडे तोंड करीत.

त्यांना शिकवायला त्रिचीहून साईप्रिया नावाची मुलगी येई. वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवण्याचं तिचं शिक्षण झालं होतं. पोर हुशार होती, मनापासून काम करी, पण तिला मराठीचा एक शब्द येत नसे. ती तमिळमध्ये सांगणार, अम्मा ते मराठीत करून अप्पांना सांगणार. शेवटी तीच मला म्हणाली, "सर, परदेशात अशा लोकांसाठी बोलणाऱ्या पाट्या असतात म्हणे. चित्र दाबलं की शब्द ऐकू येतो. तुमच्या भाषेत ती कोण करणार?"

कोण करणार? मीच.

त्या कामात मला जो आनंद झाला तो सांगायला आता लाज वाटते. सिंगापूरच्या बाजारातून खेळाच्या यंत्रांना असतात तशी मोठी, जाड बटणं आणली. लाकडी पेटीत ती बसवली, आणि जुन्या कॉम्प्युटरला जिथे प्रिंटर जोडतात तिथे पेटीची वायर जोडली. फोटो मीच काढले. भाताचं ताट, पंखा, संडासचं दार, रेडिओ, पाण्याचा तंबळर, म्हणजे आपला स्टीलचा उभा पेला. एकेक फोटो एकेका बटणावर चिकटवला. बटण दाबलं की स्पीकरमधून शब्द येई. आवाज माझा होता. माझी बहीण महालक्ष्मी पापनाशमहून आली होती, ती ऐकून रडायलाच लागली. "अप्पाच बोललागत वाटतें रे," म्हणाली. आमचा आवाज सारखाच आहे.

एक बटण अम्माचं होतं. तिचा हसरा फोटो, आणि दाबलं की आवाज, "कामाक्षी." स्वतःच्या आईचं नाव मोठ्यानं घ्यायला मलाही जड गेलं. खोलीचं दार लावून रेकॉर्ड केलं. पण मला वाटलं, माणसाला तहानभुकेच्या आधी आपलं माणूस बोलावता आलं पाहिजे. फ्रँकफर्टमध्ये माझ्या गिऱ्हाइकाची बायको त्याला आणि तो तिला दिवसभर नावानं हाका मारताना मी ऐकलेलं होतं. त्यात काही विशेष आहे असं मला वाटलं नाही.

पेटी अप्पांना जमली. पंखा, रेडिओ, पाणी. साईप्रिया टाळ्या वाजवायची. मग एक दिवस तिनं अम्माला अप्पांच्या समोर बसवलं आणि खुणेनं विचारलं, या कोण? दाबून दाखवा. अप्पांनी अम्माकडे बघितलं. पेटीवरच्या फोटोकडे बघितलं. आणि मान फिरवली. साईप्रियानं त्यांचा हात धरून ते बटण दाबवलं. माझा आवाज "कामाक्षी" म्हणाला आणि अप्पांनी हात असा ओढून घेतला, जसा काही चटका बसला. पुढल्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढल्या आठवड्यातही तेच.

साईप्रियानं मला बाहेरच्या तिण्णैवर बोलावलं. आमच्याकडे घराच्या तोंडाशी बसायचा कट्टा असतो, तो. ती हळूच म्हणाली, "असं होतं कधीकधी. वस्तू ओळखतात, माणूस ओळखत नाहीत. अम्मांना तुम्ही सांगा." मला सांगावं लागलं नाही. अम्मा दारातच उभी होती. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी तिच्या हातून आंबटीत मीठ दोनदा पडलं आणि अम्मा, अप्पा आणि मी, आम्ही तिघांनीही ती मुकाट्यानं खाल्ली.

तेव्हापासून माझ्या मनाला तेच लागून राहिलं. अप्पा बोलोत न बोलोत, चालोत न चालोत. पण जिच्याबरोबर सारा संसार केला तिला ते विसरले असतील, तर ती दिवसभर कुणाचं करते आहे? परक्या माणसाचं? हे मी तिला कसं विचारणार होतो?

त्याच सुमारास पाण्याचा त्रास सुरू झाला. अप्पा सारखं पाण्याचं बटण दाबत. अम्मा हातातलं टाकून तंबळर घेऊन जाई. ते एक घोट घेत, कधी ओठही लावत नसत. ती परत चुलीशी येते न येते तोच पुन्हा माझा आवाज, "पाणी." तिचे गुडघे दुखत. मी एकदा म्हटलं, "अम्मा, तांब्या तिथेच ठेव की." ती म्हणाली, "असूं दे रे." आणि पुन्हा उठली. तिचं ते धावणं बघून माझं डोकं फिरायचं.

मला वाटलं, हा प्रोग्रामचा दोष. आमच्या धंद्यात वापरणारा विचित्र वागला की त्याला दोष म्हणतात आणि तो दुरुस्त करतात. पेटीचा प्रोग्राम मी तोवर इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला होता. टेलिफोनच्या खरखरत्या लाइनवरून तो चढवायला अर्धी दुपार गेली होती. पण देशोदेशीच्या लोकांनी तो घेतला, आपापल्या आईबापांचे फोटो लावले, आपापले शब्द भरले. मी त्यांना हा प्रश्न लिहिला. नॉर्वेमधल्या एका शाळामास्तरांचं उत्तर आलं. त्यांची आईही अशीच एक बटण सारखं दाबी. मेंदूला मार बसला की माणूस एकाच गोष्टीत अडकतो असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांनी प्रोग्रामला जोडायचा एक छोटा तुकडा लिहून पाठवला होता. एक बटण एकदा वाजलं की पुढचा अर्धा तास तेच बटण कितीही दाबलं तरी पेटी गप्प. सोपा, नेटका कोड. कुठल्या कोण माणसानं दुनियेच्या दुसऱ्या टोकाला बसून माझ्या आईच्या गुडघ्यांची काळजी केली, म्हणून माझे डोळे भरून आले. ओपन सोर्स ओपन सोर्स म्हणतात ते हेच, असं वाटलं. तो तुकडा जोडला, आणि फ्रँकफर्टचं विमान गाठलं.

तिथून फोन केला तर अम्मा म्हणाली, "पेटी त्यांचं ऐकत नाहीं रे."

"ऐकते, अम्मा. मुद्दामच तसं केलंय. तुला दम मिळावा म्हणून."

"तें दाबितात, दाबितात, आवाज येत नाहीं."

"अर्ध्या तासानं येईल. तू बैस जरा स्वस्थ."

 मग म्हणाली, "बरें. जेवलास?"

मी परत आलो तेव्हा अप्पा खिडकीशी खुर्चीत बसले होते. पेटी समोर होती आणि हात मांडीवर. मी जर्मन चॉकलेट त्यांच्या जिभेवर ठेवलं, ते विरघळून गेलं, तरी चेहरा तसाच. त्यांनी बटणं दाबणं सोडून दिलं होतं. पाणी नाही, पंखा नाही, रेडिओही नाही. साईप्रिया म्हणाली, "उतरती लागली आहे, सर. मनाची तयारी ठेवा."

दुपारी अम्मा मागच्या पडवीत केळफूल सोलत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. ती बराच वेळ माझ्याकडे न बघता एकेक पाकळी काढत राहिली. बोटं काळी झाली होती.

"मुरली, तें तूं जोडलास तें काढून टाक."

"पण तुझे गुडघे..."

"गुडघ्यांचं काय घेऊन बसलास!" ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हा चढवला. मग दाराकडे बघून हळू बोलायला लागली. "तुझे आजा-आजी होते तेव्हां पुढच्या खोलींत तेच दोघं बसलेले असायचे. त्यांच्यापुढं हे मला कसं बोलावतील? आमच्यांत बायकोचं नांव घेतात काय? ऑफिसांतून आले कीं म्हणायचे, पाणी. मीं तंबळर घेऊन जायची. कधीं प्यायचे, कधीं नुसते धरून बसायचे. काय झालं, काय नाहीं, तेवढ्यांत दोन शब्द बोलायचे. आजा-आजी गेले तरी तेंच राहिलं. पाणी म्हटलं कीं मीं जायचें."

 लहानपणापासून मी अप्पांचं ते "पाणी" ऐकत होतो. घरात फार तहान लागणारा एक माणूस आहे, एवढंच मी समजत होतो.

"आणि ते नावाचं बटण?" मी विचारलं.

अम्माच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि लगेच मोडलं. "इतक्या वर्षांत एकदां नांव घेतलें नाहींत, आणि तुम्ही अस्के जण समोर बसून, परक्या पोरीसमोर, त्यांच्या हातानं घ्यायला लावलांत. लाजले रे तें. मला समजलं नाहीं तेव्हां. ती पोर म्हणाली ओळखत नाहींत, तर मलाही वाटलं, गेले, विसरले मला. रात्रंदिवस तेंच डोक्यांत. मग पाणी पाणी करायला लागले आणि पिईनात. तेव्हां समजलं." तिनं पदरानं डोळे पुसले, आणि केळफुलाचा डाग गालाला लागला. "तेवढंच होतं रे माझ्यापाशीं. तें तूं बंद केलास."

मी उठून कॉम्प्युटरपाशी गेलो. तो तुकडा काढायला कितीसा वेळ लागणार! डोळ्यांपुढे अक्षरं दिसत नव्हती म्हणून उशीर झाला.

पेटी पुन्हा चालू केली तरी अप्पा हात उचलेनात. त्यांचा पेटीवरचा विश्वास गेला होता. शेवटी अम्मा त्यांच्या समोर जाऊन बसली आणि तिनं स्वतःच पाण्याचं बटण दाबलं. "पाणी." तिनं तंबळर पुढे केला. पुन्हा दाबलं. "पाणी." अप्पा बघत राहिले. मग त्यांचा डावा हात हळूहळू वर आला आणि बटणावर पडला. "पाणी," माझा आवाज म्हणाला. अम्मा तिथेच बसलेली होती, तरी ती उठली, आतपर्यंत गेली आणि परत आली. अप्पांनी तंबळर धरला. प्यायले नाहीत. मी त्या खोलीतून बाहेर पडलो, कारण तिथे माझं काही काम नव्हतं.

नॉर्वेच्या मास्तरांना मी सगळं लिहून कळवलं, तुमचा तुकडा का काढला ते. बरेच दिवस उत्तर आलं नाही. मग दोन ओळी आल्या. त्यांची आई सारखी कॉफी मागत असे आणि ती कॉफी घरकामाची बाई नेऊन देत असे. उद्यापासून मी नेईन, असं त्यांनी लिहिलं होतं.

त्यानंतरचा काळ आमच्या घरात बरा गेला. मी कंपनीच्या परदेश दौऱ्यांना नकार देऊन देऊन जवळच राहिलो. साहेब कुरकुरला, मी ऐकलं नाही. "पाणी" म्हटलं की अम्मा जाई, शेजारी स्टूल घेऊन बसे, आणि तिरुवैयारुला संगीत शिकायला गेलेल्या शेजारच्या मुलीपासून भाजीच्या भावापर्यंत सगळं सांगे. अप्पा "म्म" म्हणत. आत येताना ती पदरात हसत येई. वयाच्या त्या टप्प्यावर आईला असं हसताना बघायला मिळालं, याचं सुख फार होतं, आणि ते टिकणार नाही हे दिसत होतं म्हणून दुःखही.

दुसरा झटका आला तो डाव्या बाजूला. आता दोन्ही हात गेले. दवाखान्यात त्यांना काचेच्या खोलीत ठेवलं, नाकातून नळी घातली. पेटी तिथे नेऊन उपयोग नव्हता. डोळे बंदच असत.

ते गेले त्या दिवशी दुपारी अम्मा घरून निघाली ती हातात पाण्याचा तंबळर घेऊन. रिक्षात सारा वेळ तिनं तो वरून तळहातानं झाकून धरला होता. काचेच्या दाराशी नर्सनं अडवलं. तमिळमध्ये म्हणाली, "पाणी द्यायचं नाही हो, श्वासात जाईल. डॉक्टर ओरडतील." अम्मा म्हणाली, "ते प्यायचे नाहीत. मी आले हे त्यांना कळलं की झालं." नर्सनं माझ्याकडे बघितलं.  मी हात जोडले. तिनं दार उघडलं.

काचेतून मला दिसत होतं. अम्मानं तंबळर अप्पांच्या लुळ्या हाताशी, चादरीवर धरला. वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. मग सरळ झाली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. नर्स येऊन खांद्याला हात लावीपर्यंत ती हलली नाही.

बाहेर आली तेव्हा पाणी तसंच काठोकाठ होतं. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि तिला बाकावर बसवलं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलें, आतां कोणी नाहीं हिकडे. आजा-आजी नाहींत, मुरली काचेच्या पलीकडे आहे. एकदां नांव घेऊन बोलवा."

मी तंबळर हातात धरून तिच्या शेजारी बसलो.

"थोडी वाट बघितलें," अम्मा म्हणाली. "मग आलें."